रात्रीचे लाइव्ह शो बंद, रिपीट सुरू: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुठल्यातरी रेडिओ स्टेशनने रात्रीची लाइव्ह शिफ्ट बंद केली की लोक मला हेच प्रश्न विचारतात, कारण मी बरीच वर्षं रात्रीच्या शिफ्टला स्टुडिओत बसलोय. आधी निर्माता म्हणून, नंतर माइकवर. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. माझं मत यात आहेच, ते लपवणार नाही. मला रात्रीचा रेडिओ बंद झालेला आवडत नाही, पण पैशाची अडचण खोटी आहे असंही मी म्हणत नाहीये.

नेमकं काय बदलतं?

आधी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत एक माणूस स्टुडिओत बसून गाणी लावायचा, फोन घ्यायचा, मेसेज वाचायचा, बातम्यांच्या आधी वेळ सांगायचा. आता त्या जागी दिवसाचा एखादा शो परत लागतो, किंवा नुसती गाणी आणि मधेमधे स्टेशनची जिंगल. ट्रान्समीटर चालू, फ्रिक्वेन्सी तीच, आवाजही ओळखीचा, फक्त त्या क्षणी तिथं कोणी नसतं. बऱ्याच लोकांना पहिले काही दिवस कळतही नाही. मग पहाटे तीनला आरजे "दुपारच्या जेवणाची वेळ झाली" म्हणतो तेव्हा कळतं.

यातून पैसे वाचतात तरी किती?

वाचतात, पण लोकांना वाटतं तेवढे नाहीत. रेडिओचा मोठा खर्च असतो टॉवर, ट्रान्समीटरची वीज, लायसन्स, जागा, दुरुस्ती, गाण्यांची रॉयल्टी, आणि यातलं काहीच रात्री बंद होत नाही. रिपीटमध्ये वाजणाऱ्या गाण्याचेही पैसे द्यावेच लागतात, काही ठिकाणी तर सादरकर्त्याला रिपीटचं वेगळं मानधनही द्यावं लागतं. मग वाचतं काय? आरजेचं मानधन, एक निर्माता असेल तर त्याचा पगार, नाईट अलाउन्स, रात्री घरी सोडणारी गाडी, कधीकधी इमारतीतला एक सिक्युरिटी गार्ड. एका स्टेशनसाठी ही रक्कम लहान असते, पण तीसचाळीस स्टेशनं असलेल्या कंपनीने सगळीकडे एकदम केलं की ताळेबंदात दिसण्याएवढी होते, म्हणून हे निर्णय बहुतेक वेळा मोठ्या ग्रुपमध्येच आधी होतात.

आणि अजून एक गोष्ट, रात्रीच्या जाहिराती स्वस्तात जातात किंवा दिवसाच्या पॅकेजमध्ये फुकट टाकल्या जातात. त्यामुळे हिशेब करणाऱ्याला रात्रीचे पाच तास म्हणजे फक्त खर्च दिसतो. त्याच्या जागी बसून बघितलं तर मलाही तेच दिसेल, हे मान्य आहे.

पण रात्री ऐकतं कोण?

हा प्रश्न दिवसा काम करणारे लोक विचारतात. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये नाईट शिफ्टचा आढावा घेतला तेव्हा जगभरात साधारण दर पाच कामगारांतला एक रात्रीच्या कामात असतो असा अंदाज दिला होता. नर्स, ट्रक ड्रायव्हर, वॉचमन, बेकरीवाले, कारखान्यातले, टॅक्सीवाले. त्यात झोप न येणारे म्हातारे लोक, तान्ह्या बाळाला घेऊन बसलेल्या आया, आजारी माणसाच्या उशाशी बसलेले नातेवाईक हे वेगळेच.

आणि हे काही आज कळलेलं नाही. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू स्टेशनने १९३५ मध्येच रात्रभराचा शो सुरू केला होता आणि पहाटे कामावर असणारा दूधवाला त्याच्या नावातच होता. पुढे अमेरिकेत सत्तरच्या दशकात खास ट्रक ड्रायव्हरांसाठी रात्रीचे शो चालायचे, आणि ते जमायचं कारण मीडियम वेव्ह, म्हणजे एएम रेडिओ, रात्री दिवसापेक्षा कितीतरी लांब जाते. दिवसा वातावरणातला खालचा एक थर हे सिग्नल शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि सिग्नल वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतो. म्हणजे बघा, ज्या वेळेला मीडियम वेव्हची पोच सगळ्यात जास्त असते, नेमका त्याच वेळेला आपण माणूस उठवून घरी पाठवतो.

मग हे लोक आकड्यांत का दिसत नाहीत?

कारण मोजणीच तशी आहे. अमेरिकेत रेडिओच्या रेटिंगचा जो ठळक आकडा सगळे वापरतात तो परंपरेने सकाळी सहा ते मध्यरात्र एवढ्या वेळाचा असतो, मध्यरात्र ते सहा त्यात येतच नाही. वेगळं मागितलं तर मिळतं, पण मिटिंगमध्ये स्क्रीनवर असतो तो पहिलाच आकडा. ब्रिटनमध्ये राजर ही संस्था १९९२ पासून मोजणी करतेय, तिथं पद्धत मुख्यतः डायरीची, लोकांनी पंधरा पंधरा मिनिटांचा हिशेब लिहायचा. आता पहाटे साडेतीनला अर्धवट झोपेत ऐकलेलं कोण नीट लिहिणार तुम्हीच सांगा.

शिवाय रात्रीचा ऐकणारा वेगळ्या प्रकारे ऐकतो. सकाळी लोक दात घासताना दहा मिनिटं लावतात, रात्रीचा माणूस चार तास सलग लावून ठेवतो. डोकी मोजली तर तो एकच, पण त्याचे तास मोजा ना.

रिपीट आणि व्हॉइस ट्रॅकिंग एकच का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. रिपीट म्हणजे आधी प्रसारित झालेला शो परत. व्हॉइस ट्रॅकिंग म्हणजे आरजे दिवसा येऊन फक्त स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून जातो आणि कॉम्प्युटर ते गाण्यांच्या मधे बसवतो. चार तासांचा शो असा तासाभरात होतो, कधी त्याहून लवकर. ऐकायला लाइव्ह वाटतं, पण नसतं. काही ग्रुपमध्ये एकच आरजे एका शहरात बसून पाचसहा शहरांसाठी असे शो करतो, ज्या शहरांत तो कधी गेलेलाही नाही.

मला विचाराल तर रिपीट जास्त प्रामाणिक आहे. रिपीट निदान "हा आधीचा कार्यक्रम आहे" असं सांगू शकतो. ट्रॅक केलेला शो आपण जागे असल्याचा भास करून देतो, आणि एकटं बसलेल्या माणसाला तो भास देणं मला बरोबर वाटत नाही.

रिपीट आहे हे सांगावं लागतं का?

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. पण रेकॉर्डेड शो लाइव्ह असल्यासारखा दाखवून लोकांना फोन किंवा मेसेज करायला लावले तर ते अंगाशी येतं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने बीबीसीला असल्याच प्रकारांसाठी एकूण ४ लाख पौंड दंड केला होता. त्यात ६ म्युझिक या त्यांच्या रेडिओ स्टेशनवरचा एक शोही होता, आधी रेकॉर्ड केलेला शो लाइव्ह म्हणून वाजवला आणि त्यात खोट्या श्रोत्यांबरोबर स्पर्धा घेतली.

म्हणून रिपीट लावायच्या आधी मूळ शो साफ करावा लागतो. वेळ सांगितलेली काढायची, "आत्ता फोन करा" काढायचं, स्पर्धा काढायची, ट्रॅफिक आणि हवामान काढायचं. हे काम कंटाळवाणं असतं. मी कानाला हेडफोन लावून तासचे तास हेच केलंय, आरजे म्हणतो "सव्वाआठ वाजलेत आणि पुढचं गाणं", तिथं "सव्वाआठ वाजलेत आणि" एवढंच कापायचं, श्वास मधेच तुटता कामा नये. एखादं राहून जातंच. गंमत म्हणजे हे काम करायला माणूस लागतो आणि त्याचा पगार बचतीच्या कागदावर कोणी धरत नाही.

रात्री स्टुडिओत कोणीच नसतं? मग चालवतं कोण?

सॉफ्टवेअर. त्याला प्लेआउट म्हणतात. दिवसा कोणीतरी रात्रीची यादी भरून ठेवतो, कुठल्या मिनिटाला काय वाजायचं ते, आणि बाकी मशीन करतं. आवाज काही सेकंद पूर्ण गेला तर सायलेन्स डिटेक्टर नावाची गोष्ट जागी होते, ती राखीव ऑडिओ सुरू करते आणि ड्युटीवरच्या इंजिनियरला मेसेज पाठवते. तो घरी झोपलेला असतो, उठतो, लॅपटॉप उघडतो, लांबूनच बघतो.

पण सायलेन्स डिटेक्टरला फक्त शांतता कळते. तेच गाणं तिसऱ्यांदा वाजतंय हे त्याला कळत नाही, चुकीच्या दिवसाची फाइल लागलीय हे कळत नाही, ज्या माणसाचं संध्याकाळी निधन झालं त्याची हसतखेळत मुलाखत रात्री दोनला लागलीय हे तर अजिबात कळत नाही. हा शेवटचा प्रकार मी एका स्टेशनवर घडताना बघितलाय, आणि त्या घरच्या लोकांना काय वाटलं असेल याचा विचार अजून मनात येतो.

रात्री काही मोठं घडलं तर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट नावाचं गाव आहे. १८ जानेवारी २००२ ला पहाटे दीडच्या सुमारास गावाला लागून एक मालगाडी रुळावरून घसरली आणि टँकर फुटून ५ लाख लिटरपेक्षा जास्त अमोनिया बाहेर आला. कडाक्याची थंडी, बऱ्याच भागातली वीज गेलेली, आणि विषारी ढग घरांवरून सरकतोय. अशा वेळी लोकांनी काय करायचं, घरात थांबायचं की पळायचं, हे कोणीतरी सांगायला हवं. एक माणूस त्यात गेला आणि शेकडो लोकांना इजा झाली. गावातली सहा कमर्शियल स्टेशनं तेव्हा एकाच कंपनीची होती, क्लिअर चॅनेलची. पोलिसांचं म्हणणं होतं की फोन केले पण स्टेशनवर कोणी उचलत नव्हतं. कंपनीचं म्हणणं असं की आमचा माणूस तिथं होता, पोलिसांची आपत्कालीन इशारा देणारी यंत्रणाच नीट लावलेली नव्हती.

दोष कुणाचा किती यावर नंतर खूप वाद झाला आणि मला वाटतं दोन्हीकडे चुका होत्या. पण वीज गेलेल्या घरात बॅटरीवरचा रेडिओ लावून बसलेल्या माणसाला त्या वादाचा काय उपयोग? त्याला हवी असलेली माहिती वेळेवर मिळाली नाही.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत १९९५ पासूनच स्टेशन माणसाशिवाय चालवायला परवानगी आहे. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ स्टेशनं असावीत यावरची मर्यादाच काढून टाकली. आणि २०१७ मध्ये स्टेशनचा मुख्य स्टुडिओ त्याच भागात असला पाहिजे हा नियमही गेला. एकेक निर्णय वेगळा बघितला तर ठीक वाटतो, पण सगळे मिळून असं होतं की रात्री फोन करायचा तरी कुठं हेच राहत नाही.

पण आता तर मोबाइलवर अलर्ट येतात ना?

येतात, आणि चांगलं आहे, ते यायलाच पाहिजेत. पण अलर्ट एकदा वाजतो, दोन ओळी दाखवतो आणि संपतो. त्यानंतर माणसाच्या मनात जे वीस प्रश्न येतात, कुठला रस्ता बंद आहे, पाणी पिऊ का, माझ्या आईच्या भागात काय झालंय, त्यांची उत्तरं अलर्ट देत नाही. लाइव्ह रेडिओ तेच करतो, तीच माहिती दर दहा मिनिटांनी परत सांगतो, नवीन कळलं की बदलतो, लोकांचे फोन घेतो. आणि मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तासच चालतात.

मी शिफ्टला असताना स्टुडिओतला फोन वाजायचा नाही, माइक चालू असताना आवाज नको म्हणून फक्त एक लाइट लुकलुकायचा. एकदा जोरदार पाऊस होता, तीनच्या सुमाराला लाइट लागला, एक ट्रक ड्रायव्हर, म्हणाला पुढं पुलावर पाणी आलंय, मी गाडी मागं घेतोय, मागच्यांना सांगा. मी आधी कंट्रोल रूमला विचारलं, त्यांना अजून कळलेलं नव्हतं, त्यांनी गाडी पाठवून खात्री केली आणि मग आम्ही पहाटेपर्यंत दर गाण्यानंतर ते सांगत राहिलो. रिपीट लागलेला असता तर तो लाइट रिकाम्या खोलीत लुकलुकत राहिला असता.

एकदा बंद झालेला रात्रीचा शो परत सुरू होतो का?

क्वचित होतो. बीबीसी रेडिओ २ ने जानेवारी २०१७ मध्ये पैसे वाचवायचे म्हणून मध्यरात्रीनंतरचे लाइव्ह शो काढले, जॅनिस लाँग आणि ॲलेक्स लेस्टर यांच्यासारखे वर्षानुवर्षं रात्री सोबत करणारे आवाज त्या वेळेतून गेले आणि तिथं रिपीट आणि गाण्यांच्या प्लेलिस्ट आल्या. श्रोते चिडले. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, ओजे बोर्ग यांचा मध्यरात्रीनंतरचा लाइव्ह शो तिथं सुरू झाला. म्हणजे परत येऊ शकतं, पण बहुतेक ठिकाणी एकदा गेलेलं बजेट परत मिळत नाही, ती खुर्चीच यादीतून गेलेली असते.

उलट दिशेचं उदाहरण जपानचं आहे आणि ते मला फार आवडतं. १९८८-८९ मध्ये तिथले सम्राट आजारी होते म्हणून एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने बातमी कधीही येऊ शकते या तयारीने रात्रभर प्रसारण चालू ठेवलं, मधल्या वेळात शांत संगीत. ते रात्री ऐकणाऱ्या लोकांना, विशेषतः वयस्कर लोकांना, इतकं आवडलं की १९९० मध्ये रात्रभराचा वेगळा कार्यक्रमच सुरू झाला, सावकाश बोलणारे अनुभवी निवेदक, जुनी गाणी, मुलाखती. श्रोता तिथं आधीपासून होताच, फक्त त्याच्यासाठी कोणी काही लावत नव्हतं.

नाईट शिफ्ट आरजेच्या तब्येतीला वाईट नाही का? मग बंद झाली तर बरंच ना?

वाईट आहे, यात वाद नाही. वर जो आयएआरसीचा आढावा म्हटला त्यातच रात्रीच्या कामाला "बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवलंय. झोप बिघडते, पचन बिघडतं, घरच्यांशी वेळ जुळत नाही. पण यावर उपाय शिफ्ट फिरती ठेवणं, सलग रात्री कमी करणं, नीट सुट्ट्या देणं हा आहे. आणि खरं सांगायचं तर ज्या स्टेशनांनी रात्र बंद केली त्यातल्या एकानेही माझ्या समोर आरजेच्या तब्येतीचं कारण दिलेलं नाही.

नवीन लोकांचं काय?

रात्र ही शिकायची जागा होती. तीन वाजता चुकलात तर दिवसाएवढा गवगवा होत नाही, माणूस सावरतो, परत बोलतो. बातम्यांच्या ठोक्याला गाणं बरोबर संपवायचं, फोनवर रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, मशीन अडकलं तर बोलत कसं राहायचं, हे सगळं मी रात्रीच शिकलो. आता नवीन मुलं थेट व्हॉइस ट्रॅक करायला बसतात, जिथं चुकलं की परत रेकॉर्ड करता येतं. हुशार आहेत ती, पण लाइव्हची सवय त्यांना लागणार कुठं?

पॉडकास्ट आहेत, ॲप आहेत, रात्री रेडिओच कशाला?

ज्याला गाणीच हवीत त्याला खरंच रेडिओची गरज नाही. ज्याला आपल्यासारखंच आत्ता कोणीतरी जागं आहे हे हवंय, त्याला पॉडकास्ट पुरत नाही. एक नर्सताई मेसेज करायच्या, वॉर्डचं नाव नाही काही नाही, फक्त "आज रात्र जड आहे, काहीतरी शांत लावा". मी लावायचो, नाव न घेता म्हणायचो की ज्यांची रात्र जड आहे त्यांच्यासाठी. लगेच आणखी चार मेसेज यायचे, आमचीही आहे म्हणून.

पैसेच नसतील तर स्टेशनने करायचं काय?

मला यात मधला रस्ता दिसतो. प्रत्येक स्टेशनने वेगळा लाइव्ह शो करायची गरज नाही. दहा स्टेशनांनी मिळून रात्रीचा एकच लाइव्ह शो चालवावा, खर्च वाटून घ्यावा. ऑस्ट्रेलियात एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या लोकल स्टेशनांवर असंच चालत आलंय, रात्री देशभर एकच कार्यक्रम आणि देशभरातून फोन. स्थानिकपणा थोडा जातो हे खरं, पण पलीकडे माणूस असतो. कॅनडात सीबीसी ही तशीच सार्वजनिक संस्था १९९५ पासून रात्री इतर देशांच्या सार्वजनिक रेडिओचे कार्यक्रम लावते, तेही नुसत्या जुन्या रिपीटपेक्षा मला बरं वाटतं, कारण ऐकणाऱ्याला निदान नवीन काही मिळतं.

तेही जमत नसेल तर पाचऐवजी दोन तास तरी लाइव्ह ठेवा. आणि अगदीच रिपीट लावायचे असतील तर दर तासाला सांगा की हा आधीचा कार्यक्रम आहे, तासाच्या बातम्या ताज्या ठेवा, आणि काही घडलं तर पंधरा मिनिटांत प्रसारण हातात घेऊ शकेल असा एक माणूस रोज ठरलेला असू द्या, त्याचा नंबर पोलीस, फायर ब्रिगेड, हॉस्पिटल सगळ्यांकडे असू द्या. आणि तो नंबर महिन्यातून एकदा रात्री खरंच फिरवून बघा, कारण माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि यादीत नाव त्याचंच असतं.

श्रोता म्हणून मी काय करू शकतो?

स्टेशनला लिहा, आणि "शो बंद करू नका" एवढंच लिहू नका. तुम्ही किती वाजता ऐकता, किती तास, काय काम करता करता ऐकता, हे लिहा, कारण ही माहिती त्यांच्या रेटिंगच्या कागदावर नसते. रेडिओच्या मोजणीसाठी तुमची निवड झाली तर रात्रीचे तास न विसरता नोंदवा. लायसन्स देणारी संस्था नूतनीकरणाच्या वेळी लोकांच्या सूचना मागवत असेल तर तिथं विचारा की रात्री दोनला आपत्ती आली तर या स्टेशनवर फोन कोण उचलणार. आणि तुमचा रात्रीचा आरजे अजून लाइव्ह असेल तर आज रात्रीच एक मेसेज टाका. वरिष्ठांपुढे बोलताना त्याच्याकडे दाखवायला तेवढेच मेसेज असतात, आणि तो ते जपून ठेवतो.